व्ह्यूज घ्या, पैसे सोडा

"दादा, पैशांचं जरा बघा ना, तुमचंही प्रमोशन होईल." हे ऐकलं की माझं टाळकं सटकतं. मंडळाच्या पेजला लाखभर फॉलोअर्स, म्हणून आमच्या बेंजो पार्टीनं गणपतीच्या आगमनाला निम्म्या सुपारीत वाजवायचं! मंडपवाल्याला, जनरेटरवाल्याला कधी फॉलोअर्स देऊन वाटेला लावलंत का? आमचा टेम्पोवाला डिझेलच्या टाकीत लाइक ओतत नाही.

बरं, प्रमोशन कसं होतं तेही बघा. भर पावसात बेंजोवर प्लास्टिक ताणलेलं, खाली बोटं अंदाजानं बटणं शोधतायत, निम्मी बटणं दमट हवेनं जाम. असं तासन्‌तास वाजवायचं. रीलमध्ये काय दिसतं? मूर्तीचा चेहरा, ड्रोन, गुलाल, अध्यक्षांचा काळा चष्मा. आमच्यातला ढोलकीवाला दिसतो, तोही कोपरापुरता. आणि आवाज? तो काढून वरून ट्रेंडिंग गाणं चिकटवलेलं. वाजवणाऱ्यांचं प्रमोशन, आवाज बंद करून! बँडचं नाव तरी टाका म्हटलं, तर "कॅप्शन लांब होतं".

बेंजो हे वाद्य मूळचं जपानी, 1912 साली नागोयात तयार झालेलं तायशोगोतो. ते इकडे येऊन बुलबुल तरंग झालं, मग पिकअप लावून कर्ण्यातून चाळीचाळीत घुमलं. एवढा प्रवास कुणाचं पेज फॉलो करून झाला नाही. लोकांना ऐकू आलं, त्यांनी उचललं.

मग शहाणे सांगतात, स्वतःचं चॅनेल काढा. काढलं. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे हवेत, तर आधी 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4,000 तास बघितलेले व्हिडिओ दाखवा. स्पॉटिफायचं 2024 पासून असं, की गाणं बारा महिन्यांत 1,000 वेळा वाजलं नाही तर रॉयल्टी शून्य. ठीक आहे, चढू पायरीपायरीनं. पण हळदीत वाजवलेली एक जुनी कोळी चाल टाकली आणि लगेच एका म्युझिक कंपनीचा क्लेम! जी चाल आमच्या आज्या लग्नात गात आल्या, ती यांनी फक्त रेकॉर्ड केली. आता त्या व्हिडिओवर जाहिरात लागली, तर पैशांना आम्ही अपात्र आणि कंपनी पात्र. हरकत घ्यायची, तर तीही आधी त्याच कंपनीपुढे जाते. 1957 चा कॉपीराइट कायदा लग्नाच्या वरातीत गाणं वाजवायला मोकळीक देतो. म्हणजे रस्त्यावर आम्ही साव, मोबाइलवर चोर.

2016 साली रवी जाधवांनी हिंदीत 'बँजो' काढला. त्यात अशाच पोरांचा आवाज शोधत न्यूयॉर्कहून एक बाई मुंबईत येते. आमच्याकडे रात्री दहाला येते ती पोलिसांची गाडी.

तेव्हा यंदा आमचा हिशेब सरळ आहे. इसार आधी, उरलेले पैसे टेम्पोतून बेंजो उतरण्यापूर्वी. रील खुशाल काढा. बँडचं नाव पहिल्या ओळीत, आवाज आमचाच. वरून दुसरं गाणं चिकटवायचं असेल, तर मिरवणुकीतही तेच लावा स्पीकरवर. आम्हाला कशाला भिजवता?