सलाफहादाच्या मुली आणि हक्कसोडपत्र



ख्रिस्ती महिला मंडळांमध्ये 'बायबलमधील श्रद्धावान स्त्रिया' हा विषय वर्षातून एकदा तरी होतोच. मरीयेची आज्ञाधारकता, रूथची सासूवरची माया, हन्नाची प्रार्थना. कायद्याच्या शिबिरांच्या निमित्ताने मी वसई भागात अशी बरीच व्याख्यानं ऐकली. शेवटी निघणारं तात्पर्य बहुतेक वेळा एकच असतं : श्रद्धावान बाई सोसते, वाट पाहते, स्वतःसाठी काही मागत नाही.

या तात्पर्याचा उपयोग कोण आणि कशासाठी करतं, ते आमच्या सल्ला केंद्रात दिसतं. वडील वारले की काही महिन्यांत भाऊ कागद घेऊन बहिणीच्या दारात येतो. कागदाचं नाव हक्कसोडपत्र. तुझं लग्न लावून दिलं, दागिने घातले, आता जमिनीसाठी भावाशी भांडणार का, देवाला मानणारी बाई असं करते का, असं तिला ऐकवलं जातं. बाई सही करते. पुढे नवरा गेला किंवा त्याने घराबाहेर काढलं, की तीच बाई आमच्याकडे येते आणि विचारते, "ताई, ती सही परत घेता येते का हो?" नोंदणी झालेला कागद रद्द करून घेणं किती अवघड असतं, ते तिला सांगताना जीभ जड होते.

म्हणून या अंकात त्या व्याख्यानांत सहसा न येणाऱ्या पाच जणींची आठवण करायची आहे. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. बायबलच्या 'गणना' या पुस्तकाच्या 27व्या अध्यायात त्या भेटतात. बाप सलाफहाद रानातल्या प्रवासात वारला, त्याला मुलगा नव्हता. जमिनीची वाटणी पुरुषांच्या नावे व्हायची होती. या पाच जणी दर्शनमंडपाच्या दाराशी मोशे, याजक एलाजार, सरदार आणि सगळी मंडळी जमली होती तिथे उभ्या राहिल्या. केवळ मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव कुळातून का जावं, आम्हाला त्याच्या भाऊबंदांबरोबर वतन द्या, असं त्यांनी सर्वांसमक्ष मागितलं.

मोशेने त्यांना गप्प बसवलं नाही. त्याने प्रश्न देवापुढे नेला आणि उत्तर आलं ते या मुलींच्या बाजूने. त्यांचं म्हणणं रास्त ठरलं, एवढंच नव्हे तर पुढे सगळ्यांसाठी नियम बदलला. ज्यांना देवाचा शब्द प्रमाण आहे, त्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. इथे हक्क मागणं हा श्रद्धेचा अभाव ठरलेला नाही. देव न्यायी आहे असा विश्वास असल्याशिवाय त्या तिथवर गेल्याच नसत्या.

गोष्ट इथे संपत नाही. नियम बदलला तो फक्त भाऊ नसलेल्या मुलींपुरता. 36व्या अध्यायात त्यांच्याच कुळातले पुरुष तक्रार घेऊन आले : या परक्या वंशात लग्न करून गेल्या तर जमीन बाहेर जाईल. मग त्यांनी बापाच्या वंशातच लग्न करावं असं ठरलं आणि पाचही जणींनी चुलतभावांशी लग्नं केली. जमीन बाईला द्यायची, पण बाईला बांधून ठेवून, ही तडजोड आपल्या ओळखीची आहे. पुढे 'यहोशवा'च्या 17व्या अध्यायात प्रत्यक्ष वाटणीच्या वेळी या बहिणींना पुन्हा पुढाऱ्यांसमोर उभं राहून मूळ हुकमाची आठवण करून द्यावी लागली. तेव्हा कुठे जमीन हाती आली. हुकूम मिळाला तरी सातबाऱ्यावर नाव चढायला पुन्हा खेटे घालावे लागतात, हे तलाठ्याकडे फेऱ्या मारलेल्या कुठल्याही बाईला वेगळं सांगायला नको.

आपल्या देशात हाच प्रश्न केरळच्या मेरी रॉय यांनी सर्वोच्च न्यायालयात नेला. त्रावणकोरच्या 1916 च्या ख्रिस्ती वारसा कायद्याप्रमाणे वडील मृत्युपत्र न करता वारले, तर मुलीला मुलाच्या वाट्याच्या चौथा हिस्सा किंवा 5,000 रुपये, यातलं जे कमी असेल तेच मिळे. 24 फेब्रुवारी 1986 रोजी न्यायालयाने निर्णय दिला की 1951 पासून तिथे 1925 चा भारतीय वारसा कायदाच लागू आहे. म्हणजे मुलगा-मुलगी समान. निकालानंतरही मेरी रॉय यांना प्रत्यक्ष वाट्यासाठी अनेक वर्षं झगडावं लागलं. 2022 मध्ये त्यांचं निधन झालं.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती बहिणींना हाच 1925 चा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेल्यात मुलगे-मुली सारख्याच वाटेकरी. मृत्युपत्र करून मुलीला वगळायची वाट मात्र त्यात मोकळी आहे. गोव्यातल्या दिवाणी कायद्यात निम्मी मालमत्ता मुलांसाठी राखीव असते आणि त्यात मुलींचाही समान वाटा असतो. पण कायदा कुठलाही असो, हक्कसोडीच्या सहीपुढे तो मुका होतो. आणि हे दुखणं काही ख्रिस्ती समाजापुरतं नाही. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये हिंदू वारसा कायदा दुरुस्त केला, तरी 'माहेर तुटेल' ही धास्ती सगळ्या धर्मांच्या घरांत सारखीच आहे.

आपल्यातल्या काही मैत्रिणी म्हणतील, धर्मग्रंथ मुळात पुरुषांनी लिहिले, त्यात कशाला शिरायचं? त्यांचा राग मला समजतो. याच बायबलमध्ये इफ्ताहाच्या मुलीचा बळी आहे, हागारेला लेकरासह रानात हाकलून दिलेलं आहे. ते झाकून ठेवायचं कारण नाही. पण जी बाई रोज रात्री तेच पुस्तक उशाशी घेऊन झोपते, तिला ते बाजूला ठेव असं सांगून आपण तिच्यापाशी पोचत नाही. त्याचा अर्थ लावणं फक्त पुरुषांच्या हाती राहिलं, तर सहीचा कागदही त्यांच्याच हाती राहील.

पंडिता रमाबाईंनी हे ओळखलं होतं. साध्या बायांना कळेल असं मराठी बायबल हवं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. केडगावच्या मुक्ती सदनात बायांनीच खिळे जुळवले, बायांनीच छपाई केली. रमाबाई 1922 मध्ये गेल्या आणि त्यांचं भाषांतर 1924 मध्ये संपूर्ण प्रसिद्ध झालं. अर्थ आपला आपण वाचायचा, हा त्या कामाचा वारसा आहे.

तेव्हा पुढच्या तीन महिन्यांसाठी एक काम सुचवते. आपापल्या भागातल्या महिला मंडळांत 'गणना'चा 27वा अध्याय मोठ्याने वाचा आणि त्याच बैठकीत हक्कसोडपत्राचा कोरा नमुना सगळ्यांना दाखवा. त्यातला प्रत्येक शब्द समजावून सांगा. समजून-उमजून कुणी सोडत असेल तर तो तिचा निर्णय. पण कुठल्याही कागदावर सही करण्याआधी आठ दिवसांची मुदत मागायची आणि केंद्रात येऊन तो कागद दाखवायचा, एवढं तरी प्रत्येकीकडून वदवून घ्या. त्या पाच जणी एकत्र गेल्या होत्या, हेही सांगायला विसरू नका.