टोपलीवाली दालनाबाहेरच?

चित्रकार बी. प्रभा आणि शिल्पकार बी. विठ्ठल या दाम्पत्याने जोडीने प्रदर्शन भरवले. नागपूरजवळच्या बेला गावात १९३३ साली जन्मलेल्या प्रभाताई नवऱ्याच्या सावलीत राहिल्या नाहीत. या बरोबरीचे आम्हाला मोल वाटते. माशांची टोपली घेतलेली कोळीण, खेड्यात राबणारी बाई त्यांनी कॅनव्हासवर आणली. ती चित्रे आज लिलावात लाखोंना विकली जातात. टोपलीवाली मात्र दालनाबाहेरच!

१९३० साली बाबासाहेबांच्या हाकेला ओ देऊन नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात आमच्या आयाबहिणीही उभ्या राहिल्या. त्याच नाशिकमध्ये या दोघांच्या कलाकृतींचे एकत्र प्रदर्शन भरवा आणि पहिला मान कष्टकरी बायांना द्या, ही आमची मागणी आहे.