सिस्टरचा ताप कुठे नोंदवायचा?

‘सिस्टर, तुम्हीच असं बोलायला लागलात तर गावानं काय करायचं?’

हे वाक्य माझं आहे. 2021च्या जानेवारीअखेरची गोष्ट. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आरोग्यसेविकेनं कोविशील्डचा पहिला डोस घेतला, रात्री हुडहुडी भरून ताप आला. सकाळी अंग मोडून आलेलं असतानाही ती बाळांच्या लसीकरणाच्या सत्राला हजर होती. एका आईला ती सहज म्हणाली, ‘मला रात्री लई ताप होता.’ मी तिला बाजूला घेऊन गप्प केलं. त्या आठवड्याच्या अहवालात दुष्परिणामांच्या रकान्यात आम्ही शून्य भरलं.

असं गप्प करणाऱ्यांची बाजू मला आतून ठाऊक आहे, म्हणून ती नीट मांडते. महासाथ डोक्यावर होती. 16 जानेवारीला मोहीम सुरू झाली तेव्हा पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांचा होता, आणि सारा देश त्यांच्या दंडाकडे बघत होता. डॉक्टर-नर्सच कुरकुरल्या तर सामान्य माणूस केंद्राची पायरी चढणार नाही. ताप एक-दोन दिवसांत उतरतो, त्याचा गवगवा कशाला? शिवाय निम्मा ताप मनाचाच असतो.

या युक्तिवादातलं पहिलंच गृहीतक चुकीचं आहे. गप्प बसल्यानं गोष्ट लपते, हे गावात कधी घडलेलं नाही. सिस्टर गोधडी पांघरून पडली होती हे शेजारणीनं पाहिलं होतं, मेडिकलवाल्यानं तिला पॅरासिटामॉल दिलं होतं. लोकांना ताप दिसला आणि आम्ही तो नाकारताना दिसलो. पुढच्या सत्राला आलेल्या बायकांचा प्रश्न ‘ताप येतो का?’ असा नव्हताच. ‘तुम्ही सांगत का नाही?’ असं त्या विचारत होत्या. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

‘मनाचा ताप’ या मुद्द्यात थोडं तथ्य आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. कोविड लशींच्या बारा चाचण्यांचा एकत्र अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला. त्यात लस नसलेलं इंजेक्शन घेतलेल्यांपैकीही सुमारे 35 टक्के लोकांनी पहिल्या डोसनंतर डोकेदुखी, थकवा अशा तक्रारी सांगितल्या. पण त्याच अभ्यासात लस घेतलेल्यांच्या तक्रारी त्याहून जास्त होत्या, आणि तो फरक लशीचाच होता. कोविशील्डच्या अधिकृत माहितीपत्रकात दुखरा दंड, डोकेदुखी, थकवा, थंडी वाजणं ही लक्षणं दहांतल्या एकाहून अधिक जणांना होणारी म्हणून छापलेली होती. कंपनीनं कागदावर मान्य केलेली गोष्ट सिस्टरनं तोंडानं सांगितली, एवढाच तिचा गुन्हा.

आता आकडे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं मे 2021मध्ये जाहीर केलं की मोहीम सुरू झाल्यापासून लसीकरणाच्या सरकारी कोविन प्रणालीवर 23 हजारांहून अधिक दुष्परिणाम नोंदले गेले. त्यांतले 700 गंभीर, म्हणजे दहा लाख डोसमागे 9.3. या दरावरून हिशेब मांडला तर डोस साडेसात कोटींच्या आसपास भरतात. साडेसात कोटी डोसांत 23 हजार, म्हणजे तीन हजारांहून अधिक डोसांमागे एक तक्रार! दर दहांत एकाहून जास्त लोकांना त्रास होणार हे आधीच ठाऊक असताना हा आकडा लशीची सौम्यता सांगत नाही. आपण किती कमी लिहून घेतलं, ते सांगतो. माझं शून्य त्याच हिशेबात आहे.

साधा ताप नोंदला नाही तर काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. बिघडते ती सवय. त्याच निवेदनात कोविशील्डनंतर रक्ताच्या गुठळ्या होण्याच्या 26 संभाव्य घटना, म्हणजे दहा लाख डोसमागे 0.61, असं दिलं होतं. तुलनेसाठी ब्रिटनचा दर 4 आणि जर्मनीचा 10 सांगितला होता. आपला दर खरोखर कमी असेलही. पण तपासणारा डोळाच मिटलेला असेल तर ते कळणार कसं? हा विकार ओळखायचा तर लस घेतल्यानंतरच्या आठवड्यांत न थांबणारी डोकेदुखी, पाय सुजणं, अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके यांकडे लक्ष द्यावं लागतं, प्लेटलेट मोजाव्या लागतात, आणि गुठळीवर नेहमी देतो ते हेपरिन टाळावं लागतं. ‘लशीनं काही होत नाही’ असं घोकणारी यंत्रणा ही शंका वेळेवर घेत नाही. तिथं जीव जातो.

दुसऱ्या बाजूलाही उत्तर द्यायला हवं. ‘बघा, दवाखान्यातल्यांनाच ताप आला, म्हणजे लस घातक,’ असं सांगत फिरणाऱ्यांनी कर्मचाऱ्यांचं दुखणं उचलून आपल्या झेंड्यावर लावलं. ते मला तितकंच अमान्य आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं आपल्या दहा हजारांवर कर्मचाऱ्यांचा दुसऱ्या लाटेतला अनुभव मांडला. बहुतेकांनी कोविशील्डच घेतली होती. दोन डोस घेतलेल्यांत रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण 77 टक्क्यांनी, ऑक्सिजन लागण्याचं 92 टक्क्यांनी आणि अतिदक्षता विभागात जाण्याचं 94 टक्क्यांनी कमी होतं. त्याच लाटेत इंडियन मेडिकल असोसिएशननं सातशेहून अधिक डॉक्टर गेल्याचं सांगितलं. लशीनं आमची माणसं वाचवली. हे खरं आहे म्हणूनच तापाची नोंद करायला घाबरायचं कारण नव्हतं.

मुंबईला तर हा धडा सव्वाशे वर्षांपूर्वीच मिळाला होता. 10 जानेवारी 1897 रोजी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या प्रयोगशाळेत जीवाणुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला, दुखलं. त्यांनी ते सांगितलं, आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, पुढे भायखळ्याच्या तुरुंगात स्वतःहून पुढे आलेल्या कैद्यांना लस देता आली. 1902 साली पंजाबातल्या मुलकोवालमध्ये एकाच बाटलीतली लस घेतलेले 19 जण धनुर्वातानं दगावले, तेव्हा दोष हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पदावरून दूर केलं गेलं. चूक मुंबईच्या प्रयोगशाळेतली नव्हती, बाटली उघडताना गावात झाली होती, हे मान्य व्हायला 1907 उजाडलं. ते मान्य झालं कारण कुणीतरी बाटली, बूच, चिमटा यांचा तपशील लिहून ठेवला होता. कोरा रकाना लशीलाही वाचवत नाही.

नुकसानभरपाईचा प्रश्न मला सर्वांत जास्त छळतो. जानेवारी 2021मध्ये दुसरी लस, कोवॅक्सिन, ‘क्लिनिकल ट्रायल मोड’मध्ये दिली जात होती. ती घेणाऱ्या नर्सकडून संमतीपत्र घेतलं जाई, आणि लशीमुळे गंभीर इजा झाल्याचं सिद्ध झालं तर कंपनी भरपाई देईल असं त्यात लिहिलेलं असे. शेजारच्या केंद्रात कोविशील्ड घेणाऱ्या नर्सला असं कोणतंही लेखी आश्वासन नव्हतं. कुठली लस मिळणार, हे निवडण्याची सोय दोघींनाही नव्हती. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीचा 50 लाखांचा विमा कोविडनं किंवा कोविडच्या ड्युटीवर अपघातानं आलेल्या मृत्यूसाठी होता. लशीनं झालेली इजा त्यात बसत नव्हती.

2022च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रानं सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की लस ऐच्छिक होती, भरपाई हवी असेल तर दिवाणी न्यायालयात जावं. ऐच्छिक? 2021 साली ठाणे महापालिकेनं पहिला डोसही न घेतलेल्या कर्मचाऱ्यांचा पगार रोखण्याचं ठरवलं होतं. आशाताईला तर पगारच नाही, मोबदला आहे. एक दिवस पडून राहिली तर तेवढं काम बुडतं. तिनं वकील कुठून करायचा? ब्रिटननं 1979 सालीच कायदा करून लशीनं गंभीर इजा झालेल्यांना कुणाची चूक सिद्ध न करता ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. आपण जगाला लशी पुरवतो आणि टोचणाऱ्या हातासाठी असा निधी तेव्हा ठेवला नव्हता.

सर्वोच्च न्यायालयानं 2 मे 2022च्या जेकब पुलियेल खटल्याच्या निकालात वाट दाखवली आहे: व्यक्तींना आणि खासगी डॉक्टरांना दुष्परिणाम स्वतः नोंदवता यावेत आणि ते अहवाल खासगीपण सांभाळून सर्वांना पाहता यावेत. मला त्यात कर्मचाऱ्यांसाठी आणखी तीन गोष्टी हव्यात. लशीच्या दुसऱ्या दिवशी हक्काची, मोबदला न कापणारी रजा. एका वॉर्डातल्या सगळ्यांना एकाच दिवशी डोस न देणं, म्हणजे रजा मागणारीवर डोळे वटारले जाणार नाहीत. आणि दुष्परिणामांची चौकशी करणाऱ्या समितीनं काढलेला निष्कर्ष कुटुंबाला लेखी, त्यांच्या भाषेत कळवणं.

आमच्या सिस्टरचा दुसरा डोस झाला तेव्हा तिला नुसता हात दुखला. या वेळी ती माझ्याकडे न बघता बायकांना म्हणाली, ‘पयल्याला रात्रभर ताप होता. आता काही नाही. पॅरासिटामॉल जवळ ठेवा, पाणी प्या, आणि लई डोकं दुखायला लागलं तर मला उठवा, रात्र असली तरी.’ मी आतून तिची वही मागवली आणि पहिल्या डोसच्या तारखेसमोर तिचा ताप लिहिला.