धुरके दिसते, ओझोन दिसत नाही. किंमत कोण मोजतो?

दिवाळीच्या सुमारास मुंबईचे आकाश करडे झाले की हवेच्या बातम्या सुरू होतात. धुरक्यात हरवलेल्या इमारतींची छायाचित्रे छापून येतात, रस्त्यांवर पाणी मारले जाते, लोक मास्क शोधू लागतात. पुढे आकाश निवळले की विषयही संपतो. आमचे म्हणणे असे की विषय तिथे संपत नाही. निरभ्र आकाशाच्या, कडक उन्हाच्या दुपारीसुद्धा हवेत एक घातक वायू वाढत असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही. तो वायू म्हणजे ओझोन.

इथे अनेकांचा गोंधळ होतो. ओझोन आपले रक्षण करतो, असे आपण शाळेत शिकलो. ते खरेच आहे. जमिनीपासून सुमारे १५ ते ३५ किलोमीटर उंचीवरचा ओझोनचा थर सूर्याची अतिनील किरणे अडवतो. मात्र तोच वायू जमिनीलगत, आपल्या श्वासाच्या उंचीवर आला की फुफ्फुसांना इजा करतो. श्वासनलिकांना सूज येते, खोकला येतो, छाती भरून येते, दम्याचा त्रास बळावतो. लहान मुले, वृद्ध, दमेकरी आणि उघड्यावर अंगमेहनत करणारी माणसे यांना धोका अधिक. कष्ट करताना श्वास जोरात चालतो आणि तितकाच जास्त ओझोन आत जातो.

जमिनीलगतचा ओझोन कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. वाहने, वीज केंद्रे आणि कारखाने यांतून नायट्रोजनचे ऑक्साइड निघतात. पेट्रोलची वाफ, रंग, रसायनांच्या टाक्या, जळता कचरा यांतून बाष्पशील सेंद्रिय संयुगे निघतात. या दोहोंवर ऊन पडले की ओझोन तयार होतो. म्हणून तो सकाळी कमी असतो आणि दुपारी चढतो. बुद्धांनी शिकवलेला कार्यकारणभाव इथे अगदी सरळ लागू होतो. कारणे हटवली तरच कार्य थांबेल.

सरकारी उपाय मात्र कारणांपर्यंत पुरेसे पोहोचत नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची हवा बिघडली. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, महापालिकेने २७ मुद्द्यांची नियमावली काढली. त्यात भर होता तो धुळीवर: बांधकामाभोवती उंच पत्रे, पाण्याचे फवारे, झाकलेले ट्रक. धूळ रोखणे गरजेचेच आहे, त्याला आमचा विरोध नाही. पण पाण्याच्या फवाऱ्याने ओझोन कमी होत नाही. धुळीचे कण अडवणारा साधा मास्कही हा वायू अडवत नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचे उद्दिष्टही धूलिकणांच्या घटीतच मोजले जाते. जे मोजले जाते त्यावर निधी खर्च होतो. जे मोजले जात नाही ते मागे पडते.

आता ही हवा कोणाच्या वाट्याला येते ते पाहू. हिवाळ्यात पहाटे धुरके जमिनीलगत साचलेले असते, तेव्हा सफाई कामगार रस्त्यावर झाडू मारत असतो. दुपारी ओझोन चढतो, तेव्हा नाका कामगार स्लॅबवर, फेरीवाला सिग्नलजवळ आणि डिलिव्हरीवाला दुचाकीवर असतो. ज्यांची कार्यालये वातानुकूलित आहेत, त्यांच्यापर्यंत हा वायू कमी पोहोचतो. यांतली किती माणसे आपल्याच वस्त्यांतून कामाला जातात, हे वेगळे सांगायला नको.

माहुलचे उदाहरण विसरता येत नाही. तेल शुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्या यांच्या शेजारची ही वस्ती. हवेतल्या सेंद्रिय संयुगांमुळे तिथल्या रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, हे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच मान्य केले. त्यानंतरही तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडून कुटुंबांना माहुललाच पाठवण्यात आले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्यावर तिथे राहण्याची सक्ती करता येणार नाही असे सांगितले. या निकालामागे लोकांनी रस्त्यावर काढलेले कित्येक महिने आहेत.

हा प्रश्न फक्त शहराचा नाही. वाऱ्याबरोबर शहराचा धूर गावाकडे सरकतो आणि वाटेत ओझोन बनत राहतो. तो पानांच्या छिद्रांतून आत शिरतो आणि पिकाची वाढ खुंटवतो. रब्बीतल्या गव्हाला त्याचा चांगलाच फटका बसतो. उत्पन्न घटले की आधी शेतमजुराचा रोजगार जातो.

यातून मार्ग नाही असे नाही. वरच्या ओझोन थराला पडणारे भगदाड शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये जगासमोर आणले. दोनच वर्षांत, १६ सप्टेंबर १९८७ रोजी, मॉन्ट्रियल करार झाला. घातक रसायने नाव घेऊन ठरवली गेली आणि त्यांचे उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबवले गेले. आज तो थर सावरतो आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी काही मागण्या ठामपणे लावून धराव्यात असे आम्हाला वाटते. आपल्या देशात ओझोनची मर्यादा आठ तासांसाठी १०० आणि एका तासासाठी १८० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. ती कोणत्या भागात किती वेळा ओलांडली, हे वॉर्डनिहाय जाहीर व्हावे. हवा मोजणारी केंद्रे कामगार वस्त्यांतही बसवावीत. बससेवा वाढवावी, कचरा जाळणे थांबवावे, पेट्रोल पंप व टाक्यांमधून सुटणारी वाफ रोखावी. कडक उन्हाच्या तासांत उघड्यावरचे जड काम थांबवून कामगारांना भरपगारी विश्रांती द्यावी.

सुरुवात आपल्यापासून होऊ शकते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘समीर’ ॲप मोबाईलवर घ्या. फक्त एकूण निर्देशांक पाहू नका. जवळच्या केंद्रावर दुपारी ओझोन किती आहे ते पाहा, महिनाभर वहीत लिहून ठेवा आणि ती वही घेऊन वॉर्ड कार्यालयात जा.

शुद्ध हवा हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच स्पष्ट केले आहे. पण हक्क कागदावरून वस्तीपर्यंत आपोआप येत नाही. तो आणावा लागतो, हे आपल्याला नव्याने शिकण्याची गरज नाही.