कपाटातला सडा

गेल्या मे महिन्यात आमच्या घरी एका लघुप्रबंधाचे बाळंतपण झाले. माझ्या चुलतबहिणीची मुलगी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करीत होती आणि शेवटचे तीन आठवडे तिचा मुक्काम आमच्याकडेच होता. जेवणाच्या टेबलावर नकाशे, सोफ्यावर वर्तमानपत्रांत दाबून वाळवलेली गवते आणि मध्यरात्रीपर्यंत प्रिंटरची घरघर! शुद्धलेखन तपासण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. कादंबऱ्या लिहिणाऱ्या मामाचा एवढा तरी उपयोग व्हावा, असे घरात परस्पर ठरले होते. यथावकाश काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरे उमटली, तोंडी परीक्षा झाली, पेढे वाटून झाले. चार दिवसांनी ती ग्रंथालयात प्रत देऊन आली आणि म्हणाली, "मामा, ते ठेवतात त्या कपाटाला कुलूप आहे. आणि किल्ली कुणाकडे असते, ते तिथल्या बाईंनाही ठाऊक नव्हतं."

सगळे हसले. मला मात्र त्या कुलपाने पुढे बरेच दिवस झोपू दिले नाही.

तिचा विषय होता रत्नागिरी जिल्ह्यातला एक सडा. सडा म्हणजे जांभ्या कातळाचे उघडे पठार. आठ महिने तो करपलेल्या भाकरीसारखा पडलेला असतो. पाऊस सुरू झाला की त्याच कातळाच्या खळग्यांत पाणी साचते, बोटभर मातीत गेंदाची पांढरी बोंडे डोलू लागतात आणि सीतेची आसवे निळीजांभळी फुलतात. ही नाजूक वनस्पती बारीक कीटक पकडून पोट भरते, कारण कातळावरच्या मातीत तिला पुरेसे अन्नच नाही. कास पठाराची ही नवलाई आता सर्वांना माहीत आहे. पश्चिम घाटातील ज्या 39 स्थळांना 2012 साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत कास आहे. पण कोकणात गावोगावी जे सडे आहेत, ज्यांत मुरलेले पाणी खालच्या वाडीच्या विहिरींना पुरते, त्यांना कोण विचारतो? सरकारदरबारी त्यांतल्या बहुतेकांची ओळख एका शब्दाची आहे : पडीक.

हा शब्द मीही लिहिला आहे. 1990 साली रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवड योजना राज्यात आली आणि कोकणात कातळ फोडून, खड्ड्यांत माती भरून हापूसची कलमे लावण्याचा जोर वाढला. मी त्या काळात तिकडच्या एका शाखेत अधिकारी होतो. कर्जप्रकरणाच्या पाहणी अहवालात 'जमिनीची सद्यःस्थिती' असा रकाना असे. त्यापुढे मी 'पडीक कातळ' असे लिहून सही ठोकत असे. त्यात लबाडी नव्हती. पाहणीला आम्ही फेब्रुवारी-मार्चमध्ये जात असू, कारण पावसात आमची जीप सड्यावर चढत नसे. जे दिसले ते लिहिले. त्या बागांनी अनेक कुटुंबे उभी केली, त्याचा मला आनंदच आहे. पण कलमांपूर्वी तिथे काय होते, याची एक ओळही कुठल्या कागदावर राहिली नाही, हेही तितकेच खरे.

आज जीपची जागा कायद्याने घेतली आहे, एवढाच फरक. 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी हवी असेल तर आधी परिणामांचा अभ्यास करावा लागतो. त्यासाठी त्या जागेची आजची स्थिती नोंदवायची असते. बहुतेक उद्योगांच्या बाबतीत ही नोंद एका ऋतूची चालते, आणि तो ऋतू पावसाळा नसावा, असा शिरस्ता आहे. हवेतली धूळ मोजायची तर हे योग्यच, कारण पाऊस धूळ खाली बसवतो. पण सड्याचे काय? त्याचे सारे आयुष्य त्या वगळलेल्या चार महिन्यांतच घडते. मार्च महिन्यात सड्यावर जाणारा प्रामाणिक तज्ज्ञही 'विशेष वनस्पती आढळल्या नाहीत' असेच लिहिणार.

मला वाटले होते, विद्यार्थ्यांचे काम तरी ही उणीव भरून काढत असेल. लघुप्रबंध वाचताना तो भ्रम गेला. तिला मार्गदर्शक मिळाले गणपतीच्या सुमारास. विषय मंजूर होऊन मीटर-मीटरच्या चौकटी आखून मोजणी सुरू झाली तेव्हा ऑक्टोबर लागला होता. सड्यावर गुरे चारणारे एक म्हातारे गृहस्थ तिला म्हणाले, "बाय, जत्रा उठल्यावर आलीस. मिरगाला येवक हवं होतं." आंबोलीच्या एका भेकाचेच पाहा. विज्ञानाने त्याची वेगळी जात म्हणून नोंद केली 2009 मध्ये. तो पहिल्या पावसाच्या सरींबरोबर कातळावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो आणि थोड्याच दिवसांत तो सोहळा आटोपतो. त्या वेळी आमचे विद्यार्थी परीक्षा देऊन घरी गेलेले असतात, नाहीतर प्रवेशाच्या रांगेत असतात. नव्या शैक्षणिक धोरणाने पदव्युत्तर अभ्यासात संशोधन प्रकल्पाला मान दिला हे उत्तम झाले. पण मृगाचा पाऊस सत्राचे वेळापत्रक पाहून येत नाही.

नोंद असली की काय होते, याचे उदाहरण त्याच सड्यांवर आहे. कातळशिल्पे स्थानिक अभ्यासकांनी वर्षानुवर्षे पायपीट करून शोधली, मोजली, कागदावर आणली. म्हणूनच 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, आणि 2023 साली बारसूच्या सड्यावर शुद्धीकरण प्रकल्पाच्या माती परीक्षणावरून रान पेटले तेव्हा दोन्ही बाजूंना त्यांची दखल घ्यावी लागली. प्रकल्प हवा की नको, हा वाद इथे बाजूला ठेवू. पण दगडावरच्या चित्रांना जी वकिली मिळाली, ती शेजारच्या डबक्यातल्या जिवांना कोण देणार?

कायद्याने त्याचीही सोय केली आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती हवी आणि गावच्या जीवसृष्टीची नोंदवही हवी. बरीच वर्षे हे काम रेंगाळले. मग 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ही मुदत दिली आणि चुकणाऱ्या राज्याला महिन्याला दहा लाख रुपये भरावे लागतील असे बजावले. त्यानंतर देशभर अडीच लाखांहून अधिक नोंदवह्या तयार झाल्या! मार्चअखेरीला उद्दिष्ट पुरे करणाऱ्या बँकेत मी आयुष्य काढले आहे. घाईने भरलेल्या रकान्यांची किंमत मला कुणी सांगायला नको.

म्हणजे एका कपाटात खऱ्या नोंदी आहेत, पण गावाला त्यांचा पत्ता नाही. दुसऱ्या कपाटात गावाची वही आहे, पण तिच्यात दम नाही. पीएच.डी.चे प्रबंध निदान 'शोधगंगा' या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. एम.एस्सी.च्या लघुप्रबंधांना तेवढेही नशीब नाही.

यावर प्राध्यापक मंडळी म्हणतील, "अहो, विद्यार्थ्यांचे काम कच्चे असते. त्यावर काय विसंबायचे?" आक्षेप खोटा नाही. माझ्या भाचीनेही दोन गवतांची नावे आधी चुकवली होती. पण बँकेतली रोजकीर्द कुणी विद्वान लिहीत नसतो. तारीख, ठिकाण, रक्कम आणि लिहिणाऱ्याची सही, एवढे खरे असले की वीस वर्षांनीही ती साक्ष देते. चुकीची नोंद तपासून दुरुस्त करता येते, पण न केलेली नोंद तपासायची कशी?

उपायाला फार खर्चही नाही. विद्यापीठांनी विषय आणि मार्गदर्शक पहिल्या वर्षाच्या अखेरीस ठरवून द्यावेत, म्हणजे जूनचा पाऊस विद्यार्थ्याच्या हाती लागेल. लघुप्रबंधाची एक प्रत, मराठीतल्या दोन पानी सारांशासह, ज्या गावात काम झाले त्या ग्रामपंचायतीला द्यावी आणि तो सारांश ग्रामसभेत वाचावा. उद्या तिथे चिऱ्याची खाण येवो की कारखाना, जनसुनावणीत बोलणाऱ्या माणसाच्या हातात निदान एक कागद असेल. मग गाव काय ठरवायचे ते ठरवील.

भाचीने माझ्या आग्रहाखातर सारांश लिहिला. इंग्रजीतले शब्द मराठीत आणताना आम्ही दोघेही घामाघूम झालो. काही नावे शेवटी त्या म्हाताऱ्या गुराख्यालाच फोनवर विचारावी लागली. सरपंचबाईंनी तो ठेवून घेतला आहे, ग्रामसभेत वाचू म्हणाल्या आहेत. पदवी हातात आली, गुण मिळाले, तिचे कागदोपत्री काम संपले. तरीही येत्या मृगाला ती पुन्हा सड्यावर जाणार आहे. या खेपेस मीही बरोबर जाईन म्हणतो. मार्चमध्ये केलेली माझी पाहणी अपुरी होती. ती पुरी करायला तीस-पस्तीस वर्षांचा उशीर झाला आहे, एवढेच.