कैवारी कुणाचा?

जांब समर्थ म्हटलं की लोक रामदास स्वामींचं जन्मगाव म्हणतात आणि पुढे जातात. मी इथला, माझ्यासाठी हा ऊसपट्टा आहे. जायकवाडीचा डावा कालवा आला, पाठोपाठ ऊस आला. अंकुशराव टोपेंनी समर्थांच्याच नावाने अंकुशनगरला सहकारी साखर कारखाना उभारला, मत्स्योदरी शिक्षण संस्था काढली, १९९१ला जालन्याचे खासदार झाले. दुष्काळी मुलखात हे सोपं नव्हतं. श्रेय त्यांचंच.

माझं भांडण 'शेतकऱ्यांचे कैवारी' या दोन शब्दांशी आहे. अशा प्रत्येक नेत्याचं चरित्र आपण त्यातच उरकतो. अरे, शेतकरी ऊस विकतो, कारखाना तो घेतो! विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं वकीलपत्र एकाच माणसाकडे कसं? आम्ही सॉफ्टवेअरवाले, कोड लिहिणाऱ्यालाच एकट्याला तो तपासू देत नाही. तो चोर असतो म्हणून नव्हे, त्याला स्वतःची चूक दिसत नाही म्हणून.

एफआरपी म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार तो १४ दिवसांत द्यायचा, उशीर झाला तर १५ टक्के व्याजासह. फेब्रुवारी २०२२मध्ये राज्य सरकारने त्याचे दोन हप्ते पाडले. अंकुशरावांचे चिरंजीव आणि घनसावंगीचे आमदार राजेश टोपे त्या सरकारात आरोग्यमंत्री होते. (कोविडमधली त्यांची धावपळ सगळ्यांनी पाहिली, तो विषय वेगळा.) त्याच उन्हाळ्यात मराठवाड्यात ऊस तोडीविना फडात उभा होता. दोन हप्त्यांचा निर्णय रद्द झाला तो थेट मार्च २०२५मध्ये, आणि तोही विधानसभेत नव्हे. राजू शेट्टी उच्च न्यायालयात गेले म्हणून.

सभागृहात आमच्या गावाचं नाव निघतच नाही, असंही नाही. ऑगस्ट २०२२मध्ये इथल्या राम मंदिरातल्या मूर्ती चोरीला गेल्या. टोपेंनी लगेच विधानसभेत विषय मांडला, पुढे मूर्ती सापडल्या. चांगलंच झालं.

२०२४ला टोपे अडीच हजारांहून कमी मतांनी पडले, हिकमत उढाण आले. रिंगणात सतीश घाटगेही होते. त्यांचाही साखर कारखाना. पारावर चर्चा मात्र कुणाची मतं कुणी खाल्ली याचीच.

आता मत मागायला जो येईल, त्याला मी एकच विचारणार आहे: उसाच्या पैशावर सभागृहात काय बोललात? तारीख सांगा, कामकाजाच्या नोंदीत मी शोधतो.