"सगळे चोर" कीं अमुक चोर?

शीळफाट्याच्या बाजूनें आम्हांकडे पत्रें येतात. तक्रार बहुधा खरी असते: बेकायदा चाळी, बुजविलेले ओढे. पण पत्र तिसऱ्या ओळीला पोहोंचलें कीं "सगळे" सुरू होतात. सगळे अधिकारी लांचखाऊ, सगळे उपरे लबाड, सगळे गांवकरी जमिनी विकून मोकळे. अशीं पत्रें आम्ही छापीत नाहीं. कां, तें आज सांगतों.

ता. ४ एप्रिल २०१३ रोजीं येथील लकी कंपाउंडमध्यें सात मजल्यांची इमारत कोसळली. ७४ माणसें मेलीं. त्यांत २७ लेंकरें होतीं. वर आठव्या मजल्याचें काम चालू, आणि खालीं गरिबांचीं बिऱ्हाडें! मागाहून बांधणारांस अटक झाली, पालिकेच्या कांहीं अधिकाऱ्यांस झाली, पोलिसांतही झाली. अशी फिर्याद कागदावर उतरते ती नांव, हुद्दा आणि तारीख यांनीं. "सगळेच खातात" म्हटलें कीं ज्यानें खरोखर खाल्लें तो गर्दींत मिसळतो, आणि ज्या एखाद्यानें नोटीस काढली असेल त्याचेंही तोंड काळें होतें. लांचखाऊला याहून स्वस्त वकील मिळावयाचा नाहीं.

शाहू महाराज १८९४ सालीं गादीवर आले तेव्हां करवीर दरबारच्या कारभारांतील ७१ जागांपैकीं ६० ब्राह्मणांकडे होत्या. "सगळ्या जागा भटांनीं बळकावल्या" असें म्हणणाराला उरलेलीं अकरा नांवें दाखवून कोणीही गप्प केलें असतें. साठाचा आंकडा मात्र पुसतां येत नव्हता. १९०२ सालीं मागासलेल्यांस ५० टक्के जागांचा हुकूम निघाला.

कोणी म्हणेल, ब्राह्मणेतर पत्रानें हें शिकवावें काय? होय, आम्हींच शिकवावें. महाडच्या सत्याग्रहास १९२७ सालीं जेधे-जवळकरांनीं पाठिंबा देऊं केला, तो ब्राह्मणांस त्यांत घेऊं नये या अटीवर. डॉ. आंबेडकरांनीं ती अट नाकारली; आपलें भांडण ब्राह्मण्याशीं, ब्राह्मण माणसांशीं नव्हे, असें त्यांचें म्हणणें. त्याच सालच्या २५ डिसेंबरास मनुस्मृति जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्मानें ब्राह्मण होते. अट मानली असती तर हा मनुष्य मांडवाबाहेर उभा असता.

उपऱ्यांविषयीं तर लेखणी सैल सोडूं नयेच. लकी कंपाउंडांत मेले ते पोटामागें आलेले लोक. जात पाहून गुन्हेगार ठरविणारा १८७१ चा कायदा मोडावयास १९५२ साल उजाडलें. तोच आपण पोस्टकार्डावर पुन्हां कां लिहावा?

तेव्हां बंधूंनो, पत्रांत सातबाऱ्याचा नंबर घाला. स्लॅब कोणत्या दिवशीं पडला, तक्रार कोणत्या कचेरींत दिली, पोहोच मिळाली कीं नाहीं, तें लिहा. कागद दाबून ठेवला असेल तर २००५ च्या माहिती अधिकाराखालीं अर्ज करा; त्याला दहा रुपये पडतात. चार इमारती बेकायदा असतील तर चारच लिहा, पांचवी लिहूं नका. अशा पत्रास जागा अपुरी पडली तर आम्ही आमचा अग्रलेख बाजूला ठेवूं.